चोर वळून पळू लागला की कायदाही वळतो

संपादक महोदय,

घरफोड्यांच्या बातम्या वाढल्या की ‘रात्री घरात शिरलेल्या चोराला ठार मारले तरी गुन्हा होत नाही’ असा एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. आमच्या वस्तीवरील तरुणांच्या गटातही तो नुकताच आला आणि त्याखाली शाबासकीच्या खुणांची रांग लागली. हा संदेश निखालस खोटा असता तर एवढी काळजी वाटली नसती. तो अर्धा खरा आहे, आणि उरलेला अर्धा ठाऊक नसल्यामुळे एखाद्या सरळमार्गी शेतकऱ्यावर खुनाच्या खटल्याला तोंड देण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा, म्हणजे आपल्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचे व मालमत्तेचे स्वतः रक्षण करण्याचा, हक्क सांगितला आहे. १८६० च्या दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमेच थोड्याफार शाब्दिक फरकाने तेथे आली आहेत. त्यांपैकी कलम ४१ नुसार मालमत्तेचे रक्षण करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही असे प्रसंग मोजकेच आहेत: जबरी चोरी (इजा करून किंवा धाक दाखवून केलेली चोरी), सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराची आगीने किंवा स्फोटकाने केलेली नासधूस, आणि प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती वाटावी अशी चोरी वा घुसखोरी. रात्रीच्या घरफोडीला कायद्याने मुद्दाम वेगळे स्थान दिले आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे, कारण अंधारात कडी उचकटणाऱ्याच्या हातात नुसती कटावणी आहे की सुरा, हे अंथरुणातून उठलेल्या माणसाला कळणे शक्य नसते.

मात्र ‘घरफोडी’ या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ आहे. कुलूप तोडून, खिडकीतून, भिंत चढून किंवा मारहाणीचा धाक घालून आत येणे म्हणजे घरफोडी. उघड्या राहिलेल्या दारातून गुपचूप आत आलेला भुरटा चोर त्यात आपोआप बसत नाही. भरदुपारी सदनिकेत शिरलेल्या निःशस्त्र चोराला धरता येते, ढकलता येते, त्याच्या हातातील ऐवज हिसकावून घेताना त्याला मार लागला तरी चालते, पण त्याचा जीव घेता येत नाही. शिवाय या साऱ्या हक्काला कलम ३७ ची वेसण आहे. बचावासाठी जितकी इजा करणे आवश्यक आहे तितकीच करता येते, आणि पोलिसांची मदत मिळवण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्कच उरत नाही.

खरी चूक होते ती चोर वळून पळू लागल्यावर. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर मागच्या दाराची कडी उचकटून दोघे आत शिरले. भांड्याचा आवाज झाला, माझी आई ओरडली आणि दोघेही बाहेर धावले. एक अंधारात निसटला. दुसऱ्याची पँट कुंपणाच्या तारेत अडकून तो मक्याच्या रानात उताणा पडला. बॅटरीच्या उजेडात त्याचे दोन्ही हात वर होते आणि हातात काही नव्हते. तोवर शेजारची पोरे काठ्या घेऊन आली होती आणि एकाने पहार उचललीही होती. माझे चुलते मध्ये पडले, ‘बांधा, पण हात लावू नका’ म्हणाले, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. त्यांना एकही कलम माहीत नव्हते, पण कायदा नेमके तेच सांगतो. कलम ४३ प्रमाणे रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क ती घुसखोरी चालू आहे तोवरच टिकतो. चोर ऐवज घेऊन पळत असेल तर तो परत मिळवण्यासाठी पाठलाग करता येतो, आणि त्याने पळता पळता सुरा उगारला तर ती जबरी चोरी होऊन तुमचा हक्कही वाढतो. पण रिकाम्या हातांनी पडलेल्या माणसावर त्या रात्री पहार बसली असती, तर तो बचाव ठरला नसता. बचाव करताना प्रामाणिकपणे मर्यादा ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्हा, मानण्याची सवलत कायद्यात आहे; सूड उगवणाऱ्याला तीही मिळत नाही.

पकडलेल्या चोराचे काय करायचे, हेही लिहिलेले आहे. अटक, तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. सकाळपर्यंत झाडाला बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याने हात धुऊन घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत कोणत्याही कलमात बसत नाही. आणि धरलेला माणूस चोरच आहे, याची तरी खात्री कुठे असते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच अफवेचे बळी ठरले.

शेतघराभोवती तारेत वीजप्रवाह सोडणाऱ्यांनी तर सर्वोच्च न्यायालयाचा साठच्या दशकातील चेरुबिन ग्रेगरी खटला जरूर समजून घ्यावा. शेजारचे लोक आपले शौचालय वापरतात म्हणून बिहारमधील एका माणसाने त्या वाटेवर उघडी विजेची तार लावली आणि तिला हात लागून एका स्त्रीचा मृत्यू झाला. परवानगीवाचून आत येणारा माणूस अतिक्रमण करत असला, तरी त्याच्यासाठी असा सापळा लावता येत नाही, असे सांगून न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तार चोर आणि वाट चुकलेले पोर यांत फरक करत नाही.

घरमालकाची बाजू न्यायालयांनी समजून घेतलेलीच नाही, असे मात्र कोणी मानू नये. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अंगावर आलेल्या हल्ल्यापुढे नागरिकाने भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही आणि वाजवी भीती पुरेशी आहे. त्या क्षणीचा प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलायचा नसतो, असेही आपली न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. अडचण आहे ती त्याआधीच्या टप्प्यावर. घरमालकाच्या हातून चोर दगावला की आधी गुन्हा नोंदवला जातो आणि बचावाचा मुद्दा बहुतेक वेळा खटला उभा राहिल्यावरच ऐकला जातो. तोवर त्या घराची शेती, नोकरी, मुलांचे शिक्षण यांची घडी विस्कटलेली असते. म्हणून तुटलेली कडी, घरातील रक्ताचे डाग, चोराची हत्यारे यांचा पंचनामा पहिल्याच दिवशी बचावाच्या हक्काच्या दृष्टीनेही करावा, असे स्पष्ट आदेश पोलीस ठाण्यांना द्यावेत, अशी माझी गृह खात्याला विनंती आहे. गस्त घालणाऱ्या ग्रामसुरक्षा दलांच्या तरुणांना शिट्ट्या आणि काठ्या देताना ३७, ४१ व ४३ ही तीन कलमे सोप्या मराठीत समजावून सांगावीत, आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमची लावावीत.

– एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा