दशमीची भरती

कोल्हापूर,
चैत्र शुद्ध एकादशी

प्रिय भावा,

काल रत्नागिरीला, भाट्ये खाडीवर जाऊन आलो. अंग अजून दुखतंय, पण तुला लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आपण रंकाळा आणि कळंबा तलावांवर पक्षी बघायला शिकलो. तिथं पहाटे उठलं की निम्मं काम झालं. खाडीचं तसं नाही, मर्दा. तिथल्या पाखरांचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, पक्षी पार पाण्याच्या कडेला जातात आणि ४०० मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्येसुद्धा नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी पायापायानं मागं सरकत आपल्याकडं येतात. म्हणजे चढतं पाणी आणि सकाळचं कोवळं ऊन एकाच वेळी गाठायला हवं. किनाऱ्यावरच्या लोकांचा ढोबळ हिशेब तुला ठाऊक आहे का? तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. दशमीला साडेसात! शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती, नुकताच सरलेला असतो, त्यामुळं पाणी उधाणासारखं सगळा चिखल गिळत नाही, काठाला चरायला जागा उरते. म्हणून रामनवमी झाली आणि रात्री दोनला गाडी काढली. आंबा घाट अंधारातच उतरलो.

उजाडायच्या आत तिवरांच्या अलीकडं, पूर्वेकडं पाठ करून, चिखलात पालथा पडलो. कॅमेरा वाळूच्या पिशवीवर, जमिनीपासून वीतभर. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला गेलास की फोटो पार बदलतो. मागचा चिखल विरघळतो आणि पाखरू तेवढं उरतं.

आणि लेका, ते लेसर सँड प्लोव्हर! थंडीभर मातकट दिसणारे हे चिखले आता रंगात आलेत. एक नर इतका जवळ आला की लेन्सला फोकस धरवेना. छाती विटेच्या रंगाची, डोळ्यावर काळा पट्टा. चार पावलं पळायचं, थबकायचं, मान तिरकी करायची, टोच मारायची, की परत पळायचं. एकदा त्यानं चिखलातून एक किडा ओढला. तो ताणला गेला, तुटेल असं वाटलं, तर यानं ओढणं थांबवलं, किडा सैल होऊ दिला आणि मग अलगद बाहेर काढला. ते बघताना बटण दाबायचंही भान राहिलं नाही. हा पक्षी हिमालयापलीकडच्या उंच माळांवर, लडाखच्या तलावांकाठी घरटं करतो. तेवढ्या प्रवासाची चरबी तो या चिखलातून गोळा करतोय.

पलीकडं एक व्हिंब्रेल, वाकड्या लांब चोचीचा पक्षी, खेकडा चोचीत धरून झटकत होता. नांग्या आणि पाय गळाले, मग धड गिळलं. ते मात्र टिपलं, १/२००० सेकंदाच्या शटरवर.

आठच्या सुमाराला काहीजण मोठाल्या लेन्स घेऊन थव्यामागं धावत आले. उडतानाचे फोटो हवे होते. थवा उठला, बसला, परत उठवला. माझा जीव तुटला रे. प्रवासासाठी साठवलेली ताकद अशी फुकट जाळायला लावायची? गप पडून राहिलं तर पाणी आपणहून त्यांना पुढ्यात आणून ठेवतं. उठून गेलो आणि शांतपणे सांगितलं. दोघं थांबले, बाकीचे बोलणं न ऐकता पुढं गेले.

नऊनंतर ऊन तापलं, चिखलावरची हवा थरथरायला लागली, कॅमेरा पिशवीत घातला. मासे खाऊन संध्याकाळी घरी.

आता हे चिखले जातील आणि पावसाळा सरता सरता परततील. तू दिवाळीला येतोयस ना? मग कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवसापर्यंत सुट्टी वाढवून घे. ती दशमीच. दुर्बीण आण, चिखलाला चालतील असे कपडे आण, आणि वहिनींना आत्ताच सांगून ठेव की त्या रात्री दोनला निघायचंय.

तुझाच,
जुना जोडीदार