दारू मोजतो, म्हणजे नक्की काय

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
१८ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू थंय काडतुसां भरतस म्हणे? नोकरी गेली काय रे तुझी?" मागून काकीचा आवाज आला, "दारू घरात मोजता? सून काय म्हणता?" आणि तेवढ्यात फोन कट. तेव्हाच ठरवलं की हे सावकाश लिहूनच कळवायचं. फोनवर सांगायला गेलो असतो तर काकी त्या दारूच्या पुढे सरकलीच नसती.

नोकरी शाबूत आहे. दारू बंदुकीची आहे. तुमच्या सुनेचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं एवढंच होतं की जेवायच्या टेबलावर हा पसारा नको, म्हणून सगळं गॅरेजमध्ये नेलं.

इथे काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग नावाचा खेळ आहे. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाला, आता सगळ्या अमेरिकेत खेळतात. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी म्हणून संस्था आहे, ती नियम सांभाळते. हत्यारं एकोणिसाव्या शतकातल्या घडणीची हवीत: दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक शॉटगन. समोर लोखंडी पत्रे. घड्याळ लावून सगळे टिपायचे, एक चुकला की वेळेत पाच सेकंद वाढतात. कपडेही त्या काळचे, हॅट, जाकीट, बूट. शिवाय प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं, आणि ते आधी दुसऱ्या कुणी घेतलेलं चालत नाही. माझं 'कोकण किड' आहे. त्यावर कुणाचाच दावा नव्हता. पन्नाशी उलटलेल्याला किड म्हणतात म्हणून लेक हसते, हसू दे.

माझ्याकडे तुमच्यासारखीच बारा बोरची दुनळी आहे. ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा काय आठवलं असेल सांगा? मी तेरा वर्षांचा, तुमची नजर चुकवून बंदूक उचलली आणि दोन्ही चाप एकदम ओढले. खडकीच्या कारखान्यातली ती काडतुसं. मी मागे गवताच्या उडवीत जाऊन पडलो. खांदा आठ दिवस जांभळा होता. काकीने आंबेहळद लावली आणि तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाहीत. तो खांदा अजून बंदूक दिसली की आपोआप आक्रसतो. त्यात गेल्या वर्षी तोच खांदा धरला, हात वर जाईना. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं. खेळ सोडायचा नाही आणि धक्काही खायचा नाही, म्हणून हा काडतुसं भरायचा उद्योग.

धक्क्याचं गणित सोपं आहे, मला ते फार उशिरा कळलं. पुढे जितकं वजन जितक्या वेगाने जातं, तितकी बंदूक मागे येते. दुकानातल्या नेहमीच्या काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे असतात आणि ते सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने सुटतात. मी भरतो त्यात २५ ग्रॅम, वेग ३०० मीटरच्या आसपास. गुणाकार करून बघा, धक्का तिसऱ्या हिश्शाने उतरतो. आणि बंदूक खांद्यावर आदळते ती ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणून ती निम्म्यावर येते. शिवाय बंदूक जड असली तर आणखी सुख. दस्त्याला मी चामड्याचं आवरणही बांधलंय. पत्रा जवळच असतो, त्याला पडायला एवढं पुरतं. डुकराला पुरणार नाही, पण डुक्कर इथे येत नाही.

आता भरणं. स्पर्धा संपली की जमिनीवर पडलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या नळकांड्या मी वेचून आणतो. कसलीही चालत नाहीत. दुनळी उघडून नळकांडी झटक्यात बाहेर पडली पाहिजेत, खेळात तिथेच वेळ जातो, म्हणून बाहेरून गुळगुळीत असतील तीच घेतो. मेक कंपनीचं हातयंत्र आहे, विस्कॉन्सिनमध्ये बनतं, दांडा खाली ओढायचं. पहिल्या ओढीला जुनी टोपी, म्हणजे चाप ओढल्यावर दारू पेटवते ती, निघते आणि नळकांडीचा पितळी बूड मापात येतो. मग नवी टोपी, मग दारू, तिच्यावर डाट, डाटावर छर्रे. तुमच्या ठासणीच्या बंदुकीत कापडाचा नाहीतर काथ्याचा डाट ठासत होतात, तसाच हा, फक्त प्लास्टिकचा आणि पेल्यासारखा. छर्रे त्या पेल्यात बसतात.

शेवटी तोंड मिटायचं, आणि इथे काकीने लक्ष द्यावं. नळकांडीच्या कडेला आठ चुण्या पडतात आणि त्या मध्यभागी येऊन मिळतात, हुबेहूब उकडीच्या मोदकासारख्या. सारण कमी पडलं की मोदक मध्ये बसतो ना, तेच होतं. हलक्या काडतुसात छर्रे कमी, म्हणजे आत जागा उरते, आणि चुण्या खाली खचतात. म्हणून उंच डाट घ्यावा लागतो, जो ती जागा भरून काढेल. पहिले दोनेक डझन माझे सगळे बसकेच झाले. काकीचे मोदक आठवून जीव कासावीस झाला.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे जवळजवळ अर्धी गुंज, सोनाराचाच हिशोब. किती घालतो ते मुद्दाम लिहीत नाही. ते माप त्याच नळकांडीचं, त्याच टोपीचं, त्याच डाटाचं आणि त्याच दारूचं असतं. दारू बनवणाऱ्या कंपन्या तक्ते छापतात, त्यातली एक वस्तू बदलली की तक्ता रद्द. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवतो, आणि भरताना रेडिओ बंद.

आणि तक्त्याबाहेर गेलं की काय होतं तेही सांगतो, कारण मी गेलो होतो. जानेवारीतली पहाट, वाळवंटात त्या वेळी चांगलंच गारठतं. मी शहाणपणा करून दारू आणखी थोडी कमी केलेली, म्हटलं खांद्याला अजून आराम. चाप ओढला आणि धडाम्‌च्या जागी नुसतं फुस्स. तुम्ही ज्याला फुसका बार म्हणता, तो. मी सवयीने पुढचं काडतूस घ्यायला हात पट्ट्याकडे नेला, तोच शेजारी उभ्या पंचाने खांद्यावर हात ठेवून थांबवलं. बंदूक उघडली, रिकामी केली, नळीतून पाहिलं. एका नळीतून आकाश दिसत होतं, दुसरीत काळोख. डाट मध्येच अडकून बसला होता. त्याच्या मागून दुसरा बार काढला असता तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. काठीने डाट बाहेर ढकलला, तेव्हा त्याच्यामागून न जळलेले दारूचे कण माझ्या तळव्यावर सांडले, खसखशीसारखे.

दारूला नीट जळायला दाब लागतो. पुढे वजन कमी, दारू कमी, वर थंडी, मग दाब तयार होणार कुठून? म्हणूनच हलक्या काडतुसाला भरभर जळणारी दारू लागते आणि तीही तक्त्यातल्या मापाने. हवी तितकी कमी करत गेलं की काडतूस हलकं होत नाही, धोकादायक होतं. घरी येऊन त्या घाण्यातली उरलेली एकोणसाठ काडतुसं एकेक कापून मोकळी केली. दोन संध्याकाळी गेल्या. आणि हो, छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय गॅरेजमधून घरात पाऊल टाकत नाही. काकीला हे मुद्दाम सांगा.

हे वाचून तुम्ही तिथे काही करायला जाऊ नका. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाही परवाना लागतो, आणि तुमचा परवाना पिकाच्या रक्षणापुरता. एक मात्र तुम्हाला सांगायचंच होतं. बारा बोर म्हणजे काय, असं लहानपणी मी विचारलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "बारा म्हणजे बारा." एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक त्या नळीत बरोब्बर बसतो. म्हणून बारा. सोळा बोर त्याहून बारीक असते ती याचमुळे.

आता खरी बातमी. मागच्या महिन्यात सून माझ्यासोबत मैदानावर आली, नुसती बघायला. माझी हलकी काडतुसं पाहून म्हणाली, एक उडवून बघते. एकाची वीस झाली. खांद्यावर ओरखडाही नाही. आता गॅरेजमध्ये दोन खोके आहेत, एकावर 'सौ.' लिहिलंय, आणि ते माझ्या खोक्याआधी भरावं लागतं.

निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाली का? मिळाली असेल तर नळीतून एकदा आरपार बघून घ्या, इतके दिवस पडून होती, कुंभारमाशीने घर केलं असेल. काकीला नमस्कार. मेमध्ये येतोय, तेव्हा आमसुलं बांधून ठेवा.

तुमचा,
बाबू