आतड्याच्या बायोप्सीत निसटणारा लिम्फोमा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसला की पहिला संशय टीबीचा येतो, आणि इथली परिस्थिती पाहता तो रास्तच आहे; पण असा व्रण लिम्फोमाचाही (लसिका-पेशींच्या कर्करोगाचाही) असू शकतो. म्हणून ठोस पुरावा नसताना ‘एकेटी’ (टीबीची औषधे) सुरू केली असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरतोय का ते पाहायलाच हवे. ताप गेला, वजन वाढले एवढ्यावर समाधान मानू नये. व्रण तसाच असेल तर नव्याने बायोप्सी घ्यावी, आणि तीही स्टिरॉइड देण्याआधी. स्टिरॉइडने लिम्फोमा तात्पुरता ओसरतो आणि तुकड्यात निदानापुरत्या पेशीच उरत नाहीत.

याहून सहज निसटतो तो ड्युओडेनममधला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला) फॉलिक्युलर लिम्फोमा. बहुतेकदा त्रास काहीच नसतो. ॲसिडिटीसाठी केलेल्या एंडोस्कोपीत ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात बारीक पांढरे दाणे दिसतात आणि साध्या स्टेनवर (नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर) ‘जुनाट सूज’ असा रिपोर्ट जाऊ शकतो. निरोगी फॉलिकलच्या (लसिका-पेशींच्या गोल पुंजक्याच्या) जर्मिनल सेंटरमधल्या, म्हणजे मधल्या भागातल्या, बी-पेशींत बीसीएल-२ हे प्रथिन नसते. या लिम्फोमात ते ठळक उमटते. पण टी-पेशी आणि कडेच्या मँटल पेशी एरवीही बीसीएल-२ पॉझिटिव्ह असतात, म्हणून सीडी२०, सीडी३ आणि सीडी१० या मार्करच्या (पेशींचा प्रकार ओळखवणाऱ्या प्रथिनांच्या) स्लाइड शेजारी ठेवूनच ते वाचावे. सायक्लिन डी१ (मँटल सेल लिम्फोमा ओळखवणारा मार्कर) वगळू नये. मँटल सेल लिम्फोमा वरवर सारखा दिसू शकतो, उपचार मात्र अगदी वेगळे.

ड्युओडेनमपुरत्या फॉलिक्युलर लिम्फोमात पुष्कळदा नुसती देखरेख पुरते. आतड्यातला लिम्फोमाचा संथ टी-सेल प्रकार तर आक्रमक समजून विनाकारण केमोथेरपी दिली जाण्याचा धोका असतो. आम्हाला याचीच सर्वाधिक काळजी वाटते.

एंडोस्कोपी करणाऱ्यांना विनंती: एकाच तुकड्यावर भागवू नका. तुकडे कोरडे पडू न देता लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाका. द्रव तुकड्यांच्या किमान दहापट हवा. फॉर्मवर जागा, दिसलेले दृश्य आणि चालू औषधे लिहा. लॅबने पहिल्याच कापणीत काही कोऱ्या स्लाइड राखून ठेवाव्यात, कारण ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दर वेळी नव्याने समतल करताना मोहरीएवढा तुकडा संपून जातो.

दुसरे मत घेणाऱ्या रुग्णांनी रिपोर्ट आणि स्लाइडसोबत पॅराफिन ब्लॉकही मागून घ्यावा. नवे मार्कर त्यातूनच करता येतात.

आपले,
पचनसंस्थेच्या बायोप्सी तपासणारे काही पॅथॉलॉजिस्ट,
परळ, मुंबई