झाकण्याआधी बघा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, भूकंपात पडलेली गावातली घरं पुन्हा उभी करणाऱ्या घरबांधणी समितीत तुम्ही आहात, म्हणून हे लिहिते आहे. आई, हे तुझ्यासाठीही आहे. बांधकामापाशी दिवसभर तूच असणार.

समितीने हिशेब चोख ठेवावा, हे तर आहेच. माझं मागणं त्याहून वेगळं आहे: जे भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये कायमचं गडप होणार, ते गडप होण्याआधी कुणीतरी आपल्यापैकी डोळ्यांनी पाहावं. गिलावा झाला की पक्की आणि कच्ची भिंत सारखीच दिसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं (मातीची सपाट छपरं) माणसांवर कोसळली. त्या भिंतींना आतला-बाहेरचा असे दोन पदर, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे. पदर एकमेकांत गुंतलेले नव्हते, हादऱ्याने सुटले. तेव्हा दगडाची भिंत दीड फुटाहून जाड नको. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने एक दगड आरपार घालायला लावा. एवढा लांब दगड मिळाला नाही, तर मध्ये सळई घालून काँक्रीटचे ठोकळे आधीच ओतून ठेवा. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर.

जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली काँक्रीटचा पट्टा घराभोवती सलग फिरला पाहिजे. जाडी किमान तीन इंच, त्यात दहा मिलिमीटरच्या दोन सळया, दर सहा इंचांवर त्या दोघींना बांधणारी सहा मिलिमीटर सळईची कडी. घोटाळा होतो तो कोपऱ्यात. सळई वाकवायचा कंटाळा, म्हणून तिथेच तोडतात आणि मग पट्टा असून नसल्यासारखा. सळई वळवून पुढच्या भिंतीत न्यावी. जोड द्यावाच लागला तर कोपरा सोडून, दोन सळयांची टोकं पन्नास सेंटिमीटर एकमेकींवर घेऊन. सळयांखाली एक इंचाचे ठोकळे हवेत, नाहीतर त्या तळाला टेकतात आणि गंजतात.

काँक्रीट सहज पसरावं म्हणून पाणी वाढवतात, त्याने ताकद जाते. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस ते अठ्ठावीस लिटर, वाळू ओली असेल तर आणखी कमी. बादलीने मोजा, पाइपने नको. नंतर मात्र पाण्यात कंजुषी नको: निदान सात दिवस, उन्हाळ्यात दहा, ओली गोणपाटं घालून ठेवायची.

मदतीच्या पैशाचे हप्ते याच टप्प्यांच्या तपासणीला बांधा. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत बहुतेक घरं मालकांनी स्वतः बांधली, मदत टप्प्याटप्प्याने मिळत गेली. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावी बायकांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं होतं, म्हणून तपासणीत बायका हव्यातच. ज्यांच्या घरी राबणारं कुणी नाही, त्यांची घरं आधी धरा; शेवटी गवंडी मिळत नाहीत.

आणि ढिगारा मशीनने उचलण्यापूर्वी चांगले दगड, तुळया, चौकटी वेगळ्या काढून घ्या.

पहिल्या जोत्याच्या सळया बांधून झाल्या की टेप लावून चारही कोपऱ्यांचे फोटो पाठवा. मी बघेपर्यंत ओतू नका.

तुमची लेक