प्रशिक्षण ऑनलाइन असू द्या, पण कामाच्या वेळेत द्या

मा. संपादक,

विद्यापीठांतील सेवांतर्गत प्रशिक्षण ऑनलाइन होत आहे आणि आता ते शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपर्यंतही पोहोचू लागले आहे. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. प्राध्यापकांसाठी १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची सोय आहे. प्राध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या या केंद्रांनाच आता मालवीय मिशनची केंद्रे म्हणतात. त्यांचा उजळणी वर्ग पदोन्नतीत धरला जातो, आणि २०१८ मध्ये ‘अर्पित’ हा ऑनलाइन उजळणी वर्गांचा उपक्रम सुरू झाल्यावर तो स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरूनही करता आला. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, कक्षाधिकारी मात्र बहुतांशी शेजारच्या टेबलावर पाहून काम शिकत आले.

मी परीक्षा विभागात काम करतो. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणारी व्यवस्था आल्यापासून विद्यार्थ्याचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे श्रेयांक, त्याच्या तिथल्या खात्यावर जमा करावे लागतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही. नावे जुळली नाहीत की जमा अडते. मुलगा खिडकीपाशी उभा असतो आणि दुरुस्ती आधारमध्ये करायची की विद्यापीठाच्या नोंदीत, हे लिपिकाला कोणी शिकवलेलेच नसते. तो मुलाला उद्या या म्हणतो. बाहेरगावच्या मुलाची दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे त्यात जाते.

यावर प्रशिक्षण म्हणून आमच्या हाती पडते ते एक परिपत्रक: दुवा उघडा, व्हिडिओ पाहा, प्रमाणपत्र जमा करा. व्हिडिओ इंग्रजीत, आणि वेळ वेगळा दिलेला नाही. मग संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात आवाज बंद करून तो चालू राहतो, दुसरीकडे अर्ज घेणे सुरू असते. प्रमाणपत्र मिळते, काम तसेच राहते. याला मी शिकणे म्हणणार नाही.

आठवड्यातून दोन तास खिडकी बंद ठेवून ते प्रशिक्षणाला द्यावेत. धडे मराठीत आणि एकेका कामाचे हवेत: स्थलांतर प्रमाणपत्र, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची खरेदी, सेवापुस्तकातील नोंद. चुकले तरी कोणाचा निकाल बिघडणार नाही अशी संगणक प्रणालीची सरावाची प्रत हवी, आणि अडल्यावर फोन उचलणारा माणूस हवा. सिरोंच्याच्या महाविद्यालयातील लिपिकाला गडचिरोलीला बोलावले तर त्याचा दिवस प्रवासातच जातो. त्याच्यासाठी ऑनलाइन धडा मोलाचा आहे, मात्र रेंज नसतानाही पाहता यावा म्हणून तो आधी डाउनलोड करून घेता आला पाहिजे. मराठीतून दूरशिक्षणाचे साहित्य तयार करण्याचा अनुभव नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे १९८९ पासून आहे. इतर विद्यापीठांनी त्यांना सोबत घ्यावे.

आणखी एक. शाळेत १ जून ही जन्मतारीख लावलेली पिढी दरवर्षी ३१ मे रोजी मोठ्या संख्येने निवृत्त होते. नियमांचे बारकावे याच मंडळींना तोंडपाठ असतात. कुलसचिवांनी त्यांचे धडे येत्या मेपूर्वी ध्वनिचित्रमुद्रित करून घ्यावेत आणि त्या कामाचे मानधनही त्यांना द्यावे.

— एक शिक्षकेतर कर्मचारी