जुनी डिस्क पुसली नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ‘सर’. पण आभार जाहीरच मानायचे आहेत, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या ऑफिसांत सहाव्या-सातव्या पिढीचे आय-थ्री पीसी अजून कामात आहेत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, शिवाय टीपीएम 2.0 (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) हवं. मशीन धडधाकट, पण नव्या घरात प्रवेश नाही. त्यावर तुम्ही विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट 22 या सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवून दिलीत. 2029 पर्यंत अपडेटचा प्रश्न मिटला.

बसवणं तसं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. खरे आभार आहेत ते तुम्ही दोनदा ठामपणे ‘नाही’ म्हणालात, त्याचे.

पहिलं ‘नाही’ जुनी डिस्क पुसायला. अडीच इंची 256 जीबी साटा एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) आणा, मिंट तिच्यावर जाईल, जुनी हार्ड डिस्क तारीख लिहून कपाटात, हा तुमचा हिशेब. एखादी फाइल राहिलीच, तर डिस्क यूएसबी केसमध्ये घालून वाचता येते. मात्र दोन कामं डिस्क काढण्याआधी, विंडोज चालू असतानाच उरकायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची. कुलपाची किल्ली त्याच मशीनच्या टीपीएमशी बांधलेली असते, त्यामुळे बाहेर काढलेली डिस्क त्या आकड्यांशिवाय उघडत नाही. दुसरं काम फास्ट स्टार्टअपचं. तो चालू असला की विंडोज ‘शट डाउन’ म्हणूनही पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स ती डिस्क नुसती वाचू देतं, कधी उघडतही नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं, की काम झालं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना, तर एसएसडी खराब म्हणून दुकानात परत न्यायची नाही. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, ‘रेड’वर असेल, तो ‘एएचसीआय’ करायचा.

दुसरं ‘नाही’ टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या मशीनला. टॅली विंडोजचं आहे, जकार्डचं (नक्षी विणणाऱ्या मागाचं) डिझाइन सॉफ्टवेअरही विंडोजचंच. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीवर) ओढूनताणून चालवलेलं टॅली नेमकं रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रुसेल, असं तुम्ही म्हणालात. म्हणून तो एक पीसी विंडोजवरच राहिला. त्याच्यापुरते वाढीव सुरक्षा अपडेट विकत घ्यायचे, त्यावर मेल आणि बँक उघडायची नाही. जीएसटीची जेसन फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मिंटच्या ब्राउझरमधून पोर्टलवर चढवायची.

श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टातल्या ऑर्डरी आणि पत्रांबद्दल तुम्ही आधीच सावध केलंत, नाहीतर मोठा घोळ झाला असता. तो फॉन्ट नसला की ‘चादर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी सगळ्यांच्या पीडीएफ, मग लागतील तेवढ्याच फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते, रफारचा क्रमही उलटतो. म्हणून कन्व्हर्टरमधून आलेल्या मजकुरात ‘मार्केट’ आणि ‘किंमत’ यांसारखे शब्द डोळ्यांनी तपासायचे.

कीबोर्डचं मात्र गणित छान जुळलं. मिंटमध्ये एका वेळी चारच लेआउट ठेवता येतात: इंग्रजी, मराठी, तेलुगू, कन्नड. सोलापूरला पाचवा लागतच नाही!

प्रिंटर आणि वाय-फाय पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह मिंटमध्येच तपासा, बसवल्यानंतर नव्हे, हा तुमचा नियम आम्ही भिंतीवर लावलाय. एचपी 1020 ला एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) वेगळं प्लगिन लागतं, कारण प्रिंटर चालू केला की दरवेळी त्याला फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) द्यावं लागतं. ब्रॉडकॉमचं वाय-फाय ड्रायव्हरशिवाय गप्प बसतं आणि ड्रायव्हर उतरवायला तर नेट हवं. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करायचं. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना असा ड्रायव्हर टाकला, की पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे घाईने ‘कंटिन्यू’ न दाबता ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरची ओळख-किल्ली नोंदवा) निवडून, आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. आपल्याकडे तो पडदा पाहून थेट वायर उपटतात.

आणि त्या पंख्याबद्दल. मागाजवळच्या पीसीत सुताचे तंतू हीटसिंकवर नमद्यासारखे बसतात. गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, बोल लागतो नव्या सिस्टिमला. तुम्ही आधी ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट मागितलीत, पेनड्राइव्ह नंतर काढलात. सोलापूरच्या एप्रिलसाठी हे करायलाच हवं होतं.

टाइमशिफ्टचे (मिंटच्या बॅकअप सोयीचे) स्नॅपशॉट सुरू आहेत. त्यात सिस्टिमच येते, आपली कागदपत्रं नाहीत, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. ती दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर जातात.

कपाटातल्या तिन्ही जुन्या डिस्कना मार्चअखेरचे हिशेब होईपर्यंत कोणी हात लावणार नाही. 48 आकड्यांचे कागद मात्र त्याच कपाटात नाहीत, सर. तुम्ही म्हणालात तसे घरी ठेवलेत.

आपले कृतज्ञ,
चादर-टॉवेलच्या तीन कारखान्यांची ऑफिसं, सोलापूर