ऋतूला नाही, तुला लिहितेय

प्रिय चिनू,

फोनवर बोलायला गेले की तू मीटिंगमध्ये असतोस नाहीतर ऋतू शेजारी असते, म्हणून टाईप करतेय, सावकाश वाच. मागच्या रविवारी तू म्हणालास ना की आता पुढच्या वर्षी बाळाचा विचार करतोय आम्ही, तेव्हापासून मला झोप नाही. आनंद तर आहेच रे. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही आणि ती आता सांगायलाच हवी, कारण डॉक्टर तुम्हाला विचारतील आणि तू नाही म्हणून सांगशील.

तुझ्याआधी मला एक मुलगी होती. 1993 साली. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली तर बाळाची कवटीच तयार झाली नव्हती, अ‍ॅनेन्सेफली म्हणतात त्याला, असं बाळ जगत नाही. ते सगळं झाल्यावर घरात कोणी म्हणालं ग्रहणात विळी हातात धरली असेल, कोणी म्हणालं पपई खाल्ली असेल, आणि मी पण ते खरं मानून कितीतरी महिने आठवत बसायचे की नेमकी कुठल्या दिवशी विळीवर बसले होते. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते रात्री उठून पाणी आणून द्यायचे.

नंतर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि मी तेव्हापासून जे मिळेल ते वाचत आलेय. बघ, सुरुवातीला बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू म्हणजे एक चपटी पट्टी असते, ती करंजीसारखी दुमडून दोन्ही कडा जुळतात आणि नळी तयार होते, न्यूरल ट्यूब म्हणतात तिला. वरची कड जुळली नाही तर मला झालं तसं, खालची जुळली नाही तर स्पायना बिफिडा, त्यात बाळ जगतं पण पायातली ताकद, लघवीवरचा ताबा, किती काय काय जातं. ही नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद झालेली असते. 28 दिवस! म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर. मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले ती तिसऱ्या महिन्यात, मला फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पण मिळाल्या, मी न चुकता घेतल्या पण, पण ज्यासाठी घ्यायच्या ते कधीच होऊन गेलं होतं. त्या दिवसांत पेशी भराभर वाढत असतात आणि प्रत्येक नव्या पेशीला डीएनए बनवायला फोलेट लागतं, म्हणजे एक बी व्हिटॅमिन, गोळीत तेच फॉलिक अ‍ॅसिड म्हणून असतं, म्हणून गोळी गर्भ राहायच्या आधीपासूनच हवी, निदान एक महिना, जमलं तर तीन, आणि मग पुढे बारा आठवडे होईपर्यंत रोज.

मला सगळ्यात लागलं ते हे की 1991 मध्येच हे सिद्ध झालं होतं. सात देशांत, 33 ठिकाणी, आधी असं बाळ झालेल्या बायकांना फॉलिक अ‍ॅसिड देऊन बघितलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. माझ्यापर्यंत ते आलं नाही. आणि त्याच्याही किती आधी, 1928 मध्ये, लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या, परळच्या हाफकिनमध्ये काम करायच्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं ते शोधायला. यीस्टचा अर्क, मार्माइट, दिला की त्या बायका बऱ्या व्हायच्या. त्यात जे होतं ते फोलेट, नाव मात्र नंतर मिळालं, 1941 मध्ये चार टन पालकातून ते वेगळं काढलं तेव्हा. परळमध्ये सुरू झालेली गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला साठ वर्षं पुरली नाहीत, हे मला अजून पचत नाही.

तर तू काय करायचंस. दोघं मिळून डॉक्टरकडे जा, आत्ताच, आणि स्वतःच्या तोंडाने सांग की माझ्या सख्ख्या बहिणीला न्यूरल ट्यूबचा दोष होता. हे बायकोच्या माहेरचंच विचारतात असं समजू नकोस, वडलांकडचं पण धरतात. साधारण बायकांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतात पण घरात असं झालेलं असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात, 5 मिलिग्रॅमचा. तो त्यांनीच ठरवायचा, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचा नाही, कारण तिथे नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मागितलं की बरेचदा 5 मिलिग्रॅमचीच पट्टी हातात देतात. ऋतूला फिटची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तेही सांगा.

आणि बी 12 तपासून घ्या. ऋतू शाकाहारी आहे, आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते कमीच निघतं, आणि फॉलिक अ‍ॅसिड घेतलं की रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो पण नसांना त्रास होत राहतो. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी आसपासच्या गावांतल्या आया आणि मुलं वर्षानुवर्षं तपासली, तर आईचं फोलेट जास्त आणि बी 12 कमी असेल तर त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही असं दिसलं. म्हणून एकाच्या मागे लागून दुसरं विसरू नका.

मेथी, पालक, चवळी, मूग, हरभरे, शेंगदाणे खा, पण भाजी फार शिजवू नका आणि पाणी फेकू नका, फोलेट त्यातच जातं. पण नुसत्या भाजीवर राहू नका हं, या काळात गोळी हवीच.

हे ऋतूला मी का नाही लिहिलं ते तुला कळेल. सासू म्हणाली गोळी सुरू कर की त्याचा अर्थ गोड बातमी कधी असाच होतो, आणि मला तिच्यावर एवढंसं पण दडपण नकोय, पुढच्या वर्षी, पाच वर्षांनी, नको वाटलं तर नको. मुलीबद्दल तिला तू सांग, पण घाबरवू नकोस. गोळीने सगळंच टळतं असं नाही, पण बरंचसं टळतं, आणि पुढे माझ्या बाबतीत काही वाईट झालं नाही, तुझ्या वेळी मी दोन महिने आधीपासून गोळी घेत होते आणि तू चांगला साडेतीन किलोचा आलास.

गुरुवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर शेंगदाणे आणि घरची मेथी पाठवतेय. बी 12 चा रिपोर्ट आला की मला कळव, पण ऋतूला विचारून मगच.

तुझी आई